लेकवर ट्विन इंजिनची परफॉर्मन्स बोट ठेवायची तर पेट्रोलला वर्षाला किती पैसे जातात?

तुमचा प्रश्न असा दिसतोय की तुम्ही कॅन्सस सिटीला राहता, मिझुरीतल्या लेक ऑफ द ओझार्क्स या मोठ्या तलावावर एक वापरलेली, दोन ५२५ हॉर्सपॉवरची इंजिनं असलेली बोट बघून ठेवलीये, आणि पेट्रोलला महिना चारशे डॉलर बाजूला काढले तर पुरतील का. मी सेंट लुईसला असतो आणि अशीच बोट मित्राबरोबर अर्ध्या-अर्ध्या पैशात ठेवलेली आहे. सरळ सांगायचं तर नाही पुरणार, पण फुल स्पीडला बोट खूप पेट्रोल खाते या कारणाने नाही.

आपल्या लोकांचा पहिला प्रश्न ठरलेला, ॲव्हरेज किती देते? तर मैलाला साधारण एक गॅलन. आपल्या हिशोबात लिटरला सव्वाचारशे मीटर, हे गावी फोनवर सांगितलं की समोरचा आधी गप्प होतो आणि मग परत विचारतो. पण बोटीत मैलाचा हिशोब फार कामाचा नाही, कारण कुठे पोचायचंच नसतं. तासाला किती गॅलन जातं ते बघा, बोटवाले सगळे गॅलन पर अवर म्हणजे जीपीएचमध्येच बोलतात.

ढोबळ नियम असा की पेट्रोल इंजिन फुल थ्रॉटलला, म्हणजे पूर्ण जोरात, दर हॉर्सपॉवरमागे तासाला अर्धा पाउंड पेट्रोल खातं आणि एक गॅलन पेट्रोल भरतं साधारण ६.१ पाउंड. तुमचे दोन्ही मिळून १०५० हॉर्सपॉवर, म्हणजे तासाला ८५-९० गॅलन. टर्बो किंवा सुपरचार्जरवाली इंजिनं याहून जास्त ओढतात कारण त्यांना हवेच्या मानाने पेट्रोल जास्त लागतं, नाहीतर पिस्टन जळतील. मर्क्युरी रेसिंगच्या १३५० च्या दोन इंजिनांची बोट घेतली (नऊ लिटरचं ट्विन टर्बो इंजिन आहे ते, ९१ ऑक्टेन लागतं) तर फुल थ्रॉटलला मिनिटाला चार गॅलन धरा. मिनिटाला वीस डॉलर. ते आपलं काम नाही, ते बघायला जायचं.

आता गंमत बघा. आमच्या बोटीवर ८०-८५ मैलाच्या स्पीडला ८५-९० गॅलन जातं, म्हणजे मैलाला गॅलनपेक्षा थोडं जास्त. ३२०० आरपीएमला ४५-५० मैलाचा स्पीड मिळतो आणि दोन्ही इंजिनं मिळून ३५-३६ गॅलन, इथे गॅलनला सव्वा मैल तरी सुटतो, हा सगळ्यात चांगला पट्टा. नो-वेक कोव्हमधून (लाट न काढता जायची छोटी खाडी) रांगत जाता तेव्हाही गॅलनला मैलच पडतो, कारण स्पीडच पाच-सहा मैलाचा. आणि सगळ्यात वाईट कुठे, तर १२-१५ मैलाला, जेव्हा बोट धड प्लेनवर (पाण्यावर उचलून सरकत) नसते आणि धड खालीही नसते, नाक आभाळात, ढुंगण पाण्यात, मागे डोंगराएवढी लाट आणि गॅलनला अर्धा-पाऊण मैल. नवीन लोक "जरा हळू चालवतो, पेट्रोल वाचेल" म्हणून नेमकं इथेच चालवत राहतात! एक तर पूर्ण हळू जा, नाहीतर थ्रॉटल पुढे टाकून प्लेनवर आणा आणि मग मागे घ्या, मधलं काही नाही.

त्यामुळे फुल थ्रॉटलच्या आकड्याला घाबरू नका. या लेकवर शनिवारी दुपारी मेन चॅनलमध्ये फुल थ्रॉटल मारताच येत नाही. १९३१ मध्ये बॅग्नेल डॅम बांधून झालेला हा लेक लांबलचक आणि अरुंद आहे, वीज कंपनीने बांधलेला असल्यामुळे किनाऱ्यावर लोकांची खाजगी घरं आणि डॉक, आणि चाळीस-पन्नास फुटी क्रूझर ज्या लाटा काढतात त्या दोन्ही काठांवर आपटून परत येतात, पाणी बसतच नाही. तुमची ३० फुटी बोट त्यात ५० ने गेली तरी कंबर आठवेल. पाणी सपाट मिळतं ते सकाळी लवकर किंवा आठवड्याच्या मधल्या दिवशी, तेव्हा दोन-चार मिनिटं फुल मारायची आणि पोट भरलं म्हणायचं. ऑगस्टमध्ये शूटआउट, म्हणजे बोटींच्या स्पीडची स्पर्धा, असते तेव्हा जाऊन बघा, २०१४ साली कतारच्या टर्बाइनवाल्या ५० फुटी कॅटामरानने (जोड-तळाची बोट) तिथे २४४ मैल स्पीड मारलाय.

म्हणजे खरा हिशोब असा: रांगणं, क्रूझ, थोडं फुल, सगळं मिळून इंजिन चालू असलेल्या तासाला सरासरी २२-२३ गॅलन पडतं. सीझन मेच्या शेवटापासून सप्टेंबरच्या सुरुवातीपर्यंत, मागेपुढे थोडं. घरून गाडी चालवत जाऊन येणाऱ्या माणसाचे सीझनला ५०-६० इंजिन तास होतात, याहून जास्त करणारे लोक एकतर रिटायर्ड असतात नाहीतर लेकवरच राहतात. ११०० ते १४०० गॅलन. डॉकवरचा भाव मी हिशोबाला पाच डॉलर धरतो, कधी खाली असतो कधी वर, म्हणजे साडेपाच ते सात हजार डॉलर. तुमचे महिना चारशे म्हणजे वर्षाला ४८००, थोडक्यात चुकतंय.

डॉकवर पेट्रोल महाग का, तर रस्त्याचा टॅक्स त्यात नसतो (मिझुरीत मरीनाला, म्हणजे बोटींच्या धक्क्याला, बोटींसाठी दिलेल्या पेट्रोलला तो माफ आहे) तरी पाण्यावरचा पंप, पोरं, विमा हे सगळं चार महिन्यांच्या धंद्यातून काढायचं असतं. ट्रेलरवर बोट असेल तर हायवेच्या पंपावर भरून आणता येते, पण तिथे पंप एका ठरावीक रकमेला आपोआप थांबतो आणि परत कार्ड स्वाइप करत बसावं लागतं, मागे रांग लागलेली असते आणि लोक बघत असतात. १५० गॅलन म्हणजे नऊशे पाउंड वजन, तेही ओढायचं. आणि ई-१५ (१५ टक्के इथेनॉलवालं पेट्रोल) चुकूनही भरू नका, बोटींना ते कायद्यानेच चालत नाही. ई-१० चालतं पण हिवाळ्यात टाकीत पडून राहिलं की पाणी धरतं आणि खाली वेगळा थर बसतो, त्यामुळे बोट बंद करताना स्टॅबिलायझर (पेट्रोल टिकवणारं औषध) टाका, जमलं तर इथेनॉल नसलेलं भरा. अजून एक, पेट्रोल भरल्यावर ब्लोअर (इंजिनच्या खोलीतली हवा बाहेर काढणारा पंखा) चार मिनिटं चालू ठेवल्याशिवाय चावी फिरवायची नाही, तिथे पेट्रोलची वाफ साठते. यात घाई नको.

पाहुण्यांचं म्हणाल तर पाहुणे चिवडा आणतात, कलिंगड आणतात, बियर आणतात, पेट्रोलचं नाव कुणी काढत नाही. मी ते गृहीतच धरलंय.

पण पेट्रोलपेक्षा जास्त खड्डा इंजिनं पाडतात. पेट्रोल तुम्ही कमी चालवून कमी करू शकता, स्लिपचं (बोट बांधायच्या जागेचं) भाडं, विमा, विंटरायझेशन (हिवाळ्यासाठी बोट तयार करून ठेवणं) हे बोट हलली नाही तरी द्यायचंच. आणि दोन हाय परफॉर्मन्स इंजिनांपैकी एकाचं काम निघालं की तो एक आकडा तुमच्या दोन-तीन सीझनच्या पेट्रोलएवढा असू शकतो. म्हणून बोट बघायला जाल तेव्हा मालक "फार कमी वापरली" म्हणाला तर मान हलवा आणि मेकॅनिककडून इंजिनच्या कॉम्प्युटरचा रिपोर्ट काढायला लावा, कुठल्या आरपीएमला किती तास चाललंय ते त्यात येतं. सगळ्यात वरच्या पट्ट्यात तास जास्त दिसले तर भाव पाडा किंवा सोडून द्या.

तुमच्या जागी मी असतो तर चारशेच्या बजेटमध्ये एकच ५२५ असलेली २६-२८ फुटी बोट बघितली असती. सत्तरच्या आसपास जाते, पेट्रोल जवळपास निम्मं, आणि ऑइल, प्लग, ड्राइव्ह सगळं एकच.