टँकचं सगळं पाणी बदलतो तरी आठवड्यात परत हिरवं होतं, कोणतं औषध टाकू?

भाऊ, औषध राहू द्या, आधी ते सगळं पाणी बदलणं बंद करा. तुम्ही लिहिलं की 2 फुटी टँक आहे, 4 गोल्डफिश आहेत, आणि दर 10 दिवसांनी पूर्ण रिकामा करून काचा, खडे, फिल्टरचा स्पंज सगळं नळाखाली घासून धुता. मी पण नागपूरचाच, दोन वर्षं हेच करत होतो आणि दोन वर्षं शेवाळ जसंच्या तसं. स्पंजमधे जे बॅक्टेरिया असतात ते माशांच्या घाणीतला अमोनिया पचवतात, नळाच्या पाण्यातल्या क्लोरीननं ते मरतात, मग अमोनिया वाढतो, माशांना त्रास आणि शेवाळाला आयतं खत. आठवड्यातून एकदा फक्त 25-30 टक्के पाणी काढा, खड्यातली घाण पाइपनं ओढून घ्या, अन् स्पंज त्या काढलेल्या पाण्यातच पिळा. नवीन पाणी बादलीत 24 तास उघडं ठेवून टाका किंवा अँटीक्लोरीनचे थेंब वापरा.

आता उजेड. माझ्या टँकच्या डाव्या काचेवर शेवाळाचा तिरपा पट्टा यायचा, बाकी काच बरीच साफ. एका रविवारी सकाळी चहा घेऊन समोर बसलो तं दिसलं की खिडकीतलं ऊन बरोबर त्याच पट्ट्यावर पडून राहिलं, अगदी आखल्यासारखं. आपल्याकडे मार्चमधे कूलर सुरू झाला की हवा खेळायला समोरची खिडकी उघडी लागते, पडदा वर गुंडाळलेला असतो, आणि माझा त्रास दरवर्षी तेव्हापासूनच सुरू व्हायचा, हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. टँक आतल्या भिंतीला नेला (भरलेला उचलू नका, पाणी बरंचसं काढून घ्या नाहीतर काचेचा जोड सुटतो) आणि निम्मा त्रास तिथंच गेला. हलवता येत नसेल तं खिडकीकडच्या काचेला बाहेरून काळा चार्टपेपर चिकटवा. टँकचा लाइट दिवसात 6 ते 8 तास, त्याच्यावर नाही. टायमर लावून टाका, आपण विसरतोच.

खाणं हा तिसरा मुद्दा आणि माझ्या मते सगळ्यात मोठा. आमच्या घरी सकाळी मी टाकायचो, दुपारी आई टाकायची, शाळेतून आल्यावर पोरगी टाकायची, आणि कोणालाच माहीत नाही की दुसऱ्यानं टाकलंय. गोल्डफिश कधीच नाही म्हणत नाही. आता एकदाच, 2 मिनिटांत संपेल तेवढं, आणि डबी कपाटावर. खरं सांगायचं तं 2 फुटी टँकमधे 50-55 लिटर पाणी मावतं, 4 गोल्डफिशला ते कमीच आहे, पुढंमागं मोठा टँक घ्या किंवा दोन मासे कोणाला तरी द्या.

सध्याचं हिरवं पाणी घालवायला: अर्धं पाणी बदला, 3 दिवस टँक जुन्या चादरीनं पूर्ण झाका, लाइट बंद, खाणं बंद, पण एअर पंप चोवीस तास चालू पाहिजेच, कारण शेवाळ मरून सडतं तेव्हा पाण्यातला ऑक्सिजन ओढतं. मे महिन्यात हे करू नका, गरम पाण्यात ऑक्सिजन तसाही कमी राहतो. तीन दिवसांनी परत 30-40 टक्के पाणी बदला. काचेवरचं जुन्या एटीएम कार्डानं खरवडा, मस्त निघतं. मनीप्लांटच्या दोन-तीन फांद्या मुळं पाण्यात, पानं बाहेर अशा लावा, शेवाळाच्या तोंडचं नायट्रेट (अमोनिया पचल्यावर उरतं ते खत) तो खातो.

शेवाळ मारायच्या बाटलीत बरेचदा तांबं असतं, गोगलगायी ठेवल्या असतील तं त्या मरतील, आणि ऊन-खाणं तसंच राहिलं तं महिन्यात परत हिरवं.

आणि दुकानदार सकर फिश देईल, "सगळं साफ करतो" म्हणेल. घेऊ नका. खडूएवढा दिसतो तो फूट-दीड फूट वाढतो, स्वतःच भरपूर घाण करतो, पाण्यात तरंगणारं हिरवं त्याला खाताच येत नाही. मग लोक कंटाळून फुटाळा नाहीतर अंबाझरी तलावात नेऊन सोडतात. हा आपल्या पाण्यातला मासा नाही, तिथं वाढला की इथल्या माशांची जागा अन् खाणं घेतो. आधीच घरात असेल तं दुकानात परत द्या, पण तलावात सोडू नका, ही विनंती आहे.

खड्यांवर, दगडावर थोडं हिरवं राहिलं तं राहू द्या, गोल्डफिश दिवसभर ते टोचून खात बसतात.