दाराखालची फट

नागपूर
जूनचा दुसरा आठवडा

प्रिय बेटा,

जंगल सफारीच्या रिसॉर्टची जबाबदारी आता तुझ्याकडे. आवारात वाघ आला तर काय करायचं, हा तुझा पहिला प्रश्न. सगळ्यांचा तोच असतो. पाहुणे ज्या खोलीत आहेत तिथेच थांबवायचे, बाहेर असतील ते आत घ्यायचे, वनविभागाच्या १९२६ वर आणि गेटवरच्या वनरक्षकाला फोन लावायचा, आणि मोबाइल घेऊन धावत सुटलेली आपलीच पोरं आधी आवरायची. वाघ बहुतेक वेळा आला तसा निघून जातो. तुझी झोप उडायला हवी ती मण्यारीमुळे.

मण्यार रात्री फिरते. तिचे दात बारीक. दंश फारसा दुखत नाही, सूज येत नाही, झोपेतल्या माणसाला डास चावल्यासारखं वाटतं आणि तो कूस बदलतो. पहाटे पोटात कळ येते, घसा दुखतो, मग पापण्या जड होतात, जीभ जड होते आणि शेवटी श्वास अडकतो. हे रिसेप्शनपर्यंत कसं पोचतं ते बघ. साडेतीनला इंटरकॉम वाजतो, ‘पोट फार दुखतंय, काही गोळी आहे का?’ रात्री सावजी रस्सा झालेलाच असतो, म्हणून ड्यूटीवरचा पोरगा ॲसिडिटीची गोळी नेऊन देतो आणि परत येऊन टेकतो. हातातला वेळ तिथेच जातो. तेव्हा रात्रपाळीला पहिल्या दिवशीच बजावून ठेव: पहाटे पोटदुखीचा फोन आला की आधी माणूस खोलीवर जाईल. पाहुण्याला वर बघायला सांगायचं, थुंकी गिळायला सांगायची. पापण्या पुऱ्या उघडत नसतील किंवा गिळता येत नसेल, तर दंशाची खूण सापडो न सापडो, गाडी काढायची.

ती खोलीत शिरते कुठून? तिथे पोचल्यावर पहिल्याच रात्री हे कर. कॉटेजमधले दिवे बंद करून आत उभं राहा, दार लाव आणि बाहेरून एकाला उंबरठ्यावर टॉर्च मारायला लाव. आत जिथे उजेडाची रेघ दिसेल ती वाट समज. करंगळी जाते तिथून साप जातो. सागवानी दारं पावसात फुगतात, सुतार ती खालून रंधतो, आणि उन्हाळ्यात दार आकसलं की बोटभर फट उरते. दाराला खालून रबराची किंवा ब्रशची पट्टी बसव आणि दर तीन महिन्यांनी तपास, कारण उंदीर ती कुरतडतात. मोरीच्या पाइपाचं तोंड बागेत उघडं सोडलेलं असेल तर दोन्ही टोकांना जाळी हवी. एसीच्या पाइपाभोवतीचं भोक फोमने नको, सिमेंटने बुजव. गवती छपराची कॉटेजेस फोटोत छान दिसतात, पण त्यात उंदीर राहतात आणि उंदरांमागे साप येतो. छप्पर ठेवायचंच असेल तर खाली पक्कं, सांध नसलेलं सीलिंग घाल. फिनाईल, लसूण, चुन्याची रेघ, कार्बोलिक ॲसिड यांवर पैसे घालवू नकोस. साप त्यांवरून खुशाल जातो.

दिव्यांचंही असंच. मालकाला दारावर पांढराशुभ्र बल्ब हवा असतो. त्यावर किडे येतात, किड्यांवर बेडूक येतात आणि बेडकांच्या मागे साप थेट उंबरठ्यावर. दिवा दारापासून दोन-तीन मीटर दूर खांबावर लाव, पिवळा लाव, आणि उजेड पायरीवर पडेल असा वळव. वाटेवर मात्र अंधाराचा एकही तुकडा राहता कामा नये, विशेषतः जेवणघर ते खोली आणि खोली ते जिप्सी. पहाटेच्या सफारीला पाहुणे झोपेतच, पायात स्लीपर घालून, चहासाठी रिसेप्शनकडे निघतात. त्या वेळी वाटेवर टॉर्च आणि काठी घेतलेला माणूस हवा. प्रत्येक खोलीत चालू टॉर्च हवा, आणि तो चालू आहे की नाही हे चादर बदलणाऱ्याने रोज बटण दाबून बघायचं. बूट ओसरीवर ठेवू देऊ नकोस, विंचवाला तेवढा आडोसा पुरतो. कॉटेजच्या भोवती तीन मीटरपर्यंत गवत घोट्याच्या खाली कापलेलं हवं. विटा, लाकडं, उरलेली कवेलू यांचा ढीग भिंतीला टेकून नको.

आणि पाहुण्यांच्या ड्रायव्हरांना विसरू नकोस. साहेब एसीत, आणि ड्रायव्हर टिनाच्या शेडमध्ये सतरंजीवर, अशी सोय बऱ्याच ठिकाणी दिसते. मण्यारीचा दंश होतो तो जमिनीवर झोपलेल्यालाच जास्त. त्यांना बाज आणि चारी बाजूंनी गादीखाली खोचता येईल अशी मच्छरदाणी दे. आपल्या स्वयंपाक्यांनाही. मच्छरदाणीइतका स्वस्त आणि खात्रीचा उपाय दुसरा नाही.

दंश झालाच तर काय, हे भिंतीवर लावून भागत नाही, पोरांकडून महिन्यातून एकदा करून घे. माणसाला चालवायचं नाही. अंगठी, बांगडी, घड्याळ काढायचं. हात किंवा पाय फळीला ओढणीने सैलसर बांधून हलणार नाही असा ठेवायचा. आवळून दोरी बांधणं, कापणं, चोखणं, बर्फ, मांत्रिक, यातलं काहीही नाही. कुशीवर झोपवायचं, म्हणजे उलटी झाली तरी घशात अडकत नाही. वेळ कागदावर लिहायची. साप पकडायला किंवा मारायला कुणी जायचं नाही. आपल्याकडे मिळणारं प्रतिविष नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे या चारही सापांवर चालतं, डॉक्टर लक्षणं बघून उपचार करतात. त्याची सुरुवातच साधारण ८ ते १० कुप्यांनी होते, आणि लहान मुलालाही तेवढ्याच लागतात, कारण सापाने विष वय बघून सोडलेलं नसतं. त्यामुळे फ्रिजमध्ये दोन कुप्या आणून ठेवायचा विचार मालकाने काढला तर नाही म्हण. प्रतिविषाचीच तीव्र रिॲक्शन येऊ शकते, ते डॉक्टरच्या हाताखालीच द्यायचं असतं.

तुझं खरं काम आहे रस्त्याचं. देवलापार आणि रामटेकच्या सरकारी दवाखान्यात दर महिन्याला स्वतः फोन करून दोन प्रश्न विचार: प्रतिविष आज शिल्लक आहे का, आणि रात्री डॉक्टर कोण आहे. उत्तर तारखेसह वहीत लिही. श्वास अडकला तर व्हेंटिलेटर लागतो, त्यासाठी नागपूरचं मोठं रुग्णालय गाठावं लागतं, मेडिकल कॉलेज, मेयो किंवा एम्स. पण पहिलं प्रतिविष जवळ मिळत असेल तर ते न घेता शंभराच्या स्पीडने जबलपूर रोडने नागपूरकडे गाडी सोडणं चूक आहे. १०८ च्या ॲम्ब्युलन्सला फोन लाव, पण ती यायची वाट बघत बसू नकोस, आपली गाडी निघू दे आणि वाटेत गाठ घाल. त्यासाठी एक गाडी रात्री रिकामी, तोंड फाटकाकडे करून उभी, टाकी निम्म्याच्या वर, आणि किल्ली रिसेप्शनच्या खिळ्यावर. किल्ली झोपलेल्या ड्रायव्हरच्या खिशात असते, घोळ तिथे होतो.

बिबट आणि अस्वल आपणहून येत नाहीत, आपणच त्यांना बोलावतो. कोंबडीची आतडी आणि हाडं मागच्या खड्ड्यात टाकली की कुत्री आणि डुकरं जमतात, कुत्र्यांसाठी बिबट येतो. ओला कचरा झाकणाला कडी असलेल्या पिंपात ठेवायचा आणि अंधार पडायच्या आत आवाराबाहेर गेला पाहिजे. दिवेलागणीनंतर मुलं मोठ्यांच्या हाताच्या अंतरावर, आणि स्विमिंग पूल बंद. आवारात मोहाचं झाड असेल तर मार्च-एप्रिलमध्ये फुलं रात्रीपासून पहाटेपर्यंत गळतात आणि अस्वल तीच खायला येतं. त्या दिवसांत झाडाखालची वाट उजाडेपर्यंत दोरी लावून बंद ठेव आणि फुलं उजेडातच झाडून काढ. अचानक समोर आलेलं अस्वल तोंडावर झडप घालतं, म्हणून अंधारात चालणाऱ्याने बोलत चालावं. कुंपणात थेट विजेचा करंट सोडणं बेकायदेशीर तर आहेच, पण त्याने माणसंही मरतात. आणि खोलीच्या खिडकीतून जनावर दिसावं म्हणून अंगणात पाणवठा करायचा, ही कल्पना जो कुणी सुचवेल त्याला एकच विचार: पाणी प्यायला आलेलं जनावर आणि पाणी मागायला बाहेर पडलेला पाहुणा यांच्यात काय आहे?

पाहुण्यांकडून ‘स्वतःच्या जबाबदारीवर’ असा फॉर्म सही करून घेतात, त्यावर विसंबू नकोस. खोली तू भाड्याने दिली आहेस, दाराखालची फट तुझी आहे. ग्राहक संरक्षण कायदा २०१९ मध्ये ही सेवेतली त्रुटी ठरू शकते, आणि निष्काळजीपणाने जीव गेला तर भारतीय न्याय संहितेचं कलम १०६ आहे. सही घेण्यापेक्षा चेक-इनला एक मिनिट बोल. घाबरवायचं नाही, लपवायचंही नाही. ‘काका, रात्री खोलीबाहेर पडायचं तर आधी ९ दाबा, आमचा माणूस घ्यायला येईल. बाथरूमला जाताना आधी दिवा, मग पाय. आणि रात्री काहीही टोचल्यासारखं वाटलं, तर सकाळची वाट बघू नका.’ एवढं पुरतं. बुकिंग वाढवणारी माणसं म्हणतील, साप म्हटलं की गिऱ्हाईक पळतं. पळत नाही. मुलं असलेल्या घरांना तर हे ऐकून बरंच वाटतं.

१ जुलै ते ३० सप्टेंबर कोअरची, म्हणजे जंगलाच्या आतल्या गाभ्यातली, सफारी बंद असते, तेव्हा खोल्या कुलूपबंद पडून राहतात. ऑक्टोबरला उघडताना गादी उलटी कर, पडद्यांच्या घड्या काठीने झटक, फ्लशच्या टाकीचं झाकण उचलून बघ, कपाटाचा खालचा कप्पा बघ. आधी तू, मग पाहुणे.

तुझा,
काका

ता. क. हिवाळ्यात हुरड्याच्या पार्टीआधी वर बघ. पिंपळावर किंवा पाण्याच्या टाकीखाली आग्या मोहोळ लटकत असेल तर त्याखाली शेकोटी, ड्रोन, फटाके काही नको, धुराने ते उठतं. उठलंच तर तोंड झाकून पळत खोलीत शिरायचं आणि दारं-खिडक्या लावायच्या. हात झाडायचे नाहीत आणि पूलमध्ये उडी मारायची नाही, माशा वर घिरट्या घालत राहतात. काटे लगेच नखाने खरवडून काढायचे. घसा आवळला, ओठ सुजले, चक्कर आली, तर तीही गाडी काढायचीच वेळ.