भुसावळवर खरेच बॉम्ब पडले होते का? लढाईच्या काळात खानदेशातील सामान्य माणसे कशी राहत होती?

'लढाईत भुसावळवर बॉम्ब पडले' असे आपल्या आजी सांगतात, ते खरे का, असे आपण विचारले आहे. हे वाक्य मीही लहानपणापासून अनेक घरांतून ऐकत आलो आहे. बॉम्ब पडले नाहीत. आजींना आठवते ती भीती मात्र खरी होती, आणि ती निराधारही नव्हती. मुंबईहून येणारी लोहमार्गाची वाट जिथे नागपूर-हावड्याकडे आणि इटारसीमार्गे दिल्लीकडे फुटते ते जंक्शन, शिवाय भुसावळ आणि वरणगाव येथील दारूगोळ्याशी संबंधित सरकारी कारखाने, एवढे सगळे एका टापूत असल्यावर शत्रूच्या नकाशावर आपले गाव असणारच, असे प्रत्येकाला वाटत होते. कराचीपासून भुसावळ सरळ रेषेत सुमारे 1000 किलोमीटर दूर आहे, हे सांगून कोणाचे समाधान होत नसे. कारण 3 डिसेंबर 1971 च्या संध्याकाळी पाकिस्तानी विमाने आग्र्यापर्यंत येऊन गेल्याचे आकाशवाणीवर सर्वांनी ऐकले होते.

1971 च्या त्या पाकिस्तानबरोबरच्या लढाईच्या वेळी मी रेल्वेच्या चाळीत राहणारा शाळकरी मुलगा होतो. खिडक्यांच्या काचांना खळीने काळे कागद डकवले होते, मोटारींच्या दिव्यांचा वरचा अर्धा भाग काळ्या रंगाने झाकला होता आणि अंधार पडल्यावर फिरणारे स्वयंसेवक फटीतून प्रकाशाची रेघ दिसली तरी 'दिवा मालवा' म्हणून ओरडत. भोंगा खालीवर होत वाजला तर धोका आणि एका सुरात लांबला तर धोका टळला, हे आम्हांला शाळेत पाठ करून घेतले होते. शाळेच्या मैदानावर नागमोडी खंदक खणले होते. सरळ खंदकात स्फोटाचा तडाखा या टोकापासून त्या टोकापर्यंत जातो, वळणांवर तो अडतो, हे गुरुजींनी समजावले होते. खंदकात पालथे पडायचे, पण छाती जमिनीला टेकू द्यायची नाही, दातांत रुमाल धरायचा आणि कानांत कापसाचे बोळे घालायचे. आमच्या मुलखात कापसाची वाण नव्हती, त्यामुळे बोळे चांगले मोठे असत आणि गुरुजी पुढे काय सांगत आहेत ते कोणालाच ऐकू येत नसे.

या अंधाराची एक गंमत पुष्कळांच्या लक्षात राहिलेली नाही. मार्गशीर्षातील पौर्णिमा 2 डिसेंबरला होऊन गेली होती, म्हणजे लढाई पेटली तेव्हा चंद्र जवळजवळ पूर्ण होता. घरातली चिमणीसुद्धा विझवायची आणि बाहेर तापीचे पात्र, रेल्वेचे रूळ आणि पत्र्याची छपरे लखलखताना पाहायची, अशी पहिल्या रात्रींची स्थिती होती. शेजारच्या आजी म्हणाल्या होत्या, "आता या चांदाले कोन इझवनार?" त्यांच्या प्रश्नाला स्वयंसेवकांकडे उत्तर नव्हते. पुढे कृष्णपक्ष जसजसा सरत गेला तसतसा खरा अंधार वाढला आणि अमावास्या आली तेव्हा लढाईच संपली होती.

आमच्या भागातील लेवा समाजाच्या घरांना अधिक जाचले ते निराळेच. डिसेंबर हा भरताच्या वांग्यांचा हंगाम. काड्यांच्या जाळावर वांगी भाजायची, मिरच्या-लसणासह ती बडगीत, म्हणजे लाकडी उखळीत, ठेचायची आणि रात्री मळ्यात पंगत बसवायची, हा रिवाज. पण उघड्यावर जाळ करण्यास बंदी असल्यामुळे भरीत दिवसाउजेडी उरकावे लागले. दुपारच्या उन्हात खाल्लेल्या भरताला चव नसते, ही तक्रार आमच्याकडे लढाईच्या बातम्यांइतक्याच गांभीर्याने चालली.

आपल्या आजींच्या आठवणीत भेसळ कशी झाली असावी, याविषयी माझा तर्क असा आहे. सप्टेंबर 1965 आणि डिसेंबर 1971 या दोन लढाया, आणि कधी कधी 1962 ची चीनची लढाईही, बोलताना एकत्र होतात. 1962 मध्ये दोन्ही बाजूंनी बॉम्बफेकी विमाने वापरली नाहीत. त्या वर्षाची आठवण बहुधा संरक्षण निधीला दिलेल्या सोन्याची असते. 1965 मध्ये लढाईला तोंड फुटले तेव्हा गणपती बसलेले होते. म्हणून मी वडीलधाऱ्यांना साल विचारत नाही. तेव्हा पाऊस होता की थंडी, घरात गणपती होते की भरीत, एवढेच विचारतो. उत्तर बहुतेक वेळा तत्काळ आणि अचूक येते.

आता बॉम्बचे. ते पडले, पण दुसरीकडे: 6 एप्रिल 1942 रोजी जपानी विमानांनी विशाखापट्टणम आणि काकीनाडा येथे, त्याच वर्षाच्या डिसेंबरात कलकत्त्यावर, 1965 मध्ये जामनगरवर आणि 1971 मध्ये भुजच्या धावपट्टीवर, जी जवळच्या माधापर गावच्या स्त्रियांनी पुन्हा बांधून दिली. रेल्वेच्या गावात गाड्यांबरोबर बातम्या येत आणि प्रवाशांच्या तोंडून ऐकलेला स्फोट सांगता सांगता आपल्या यार्डात येऊन पडे. त्यात कोणी खोटे बोलत होते असे मला वाटत नाही. मे 2025 मध्ये देशभर नागरी संरक्षणाचा सराव झाला तेव्हा त्या यादीत भुसावळचे नाव वाचून आमच्या चाळीतील एका वृद्ध गृहस्थांनी मला दूरध्वनी केला आणि 'या वेळी तरी पडणार नाहीत ना?' असे विचारले.