मुलांचा पहिला टॅबलेट : वाचकांचे प्रश्न

प्रश्न : माझी मुलगी दहा वर्षांची असून शिष्यवृत्ती परीक्षेची तयारी करत आहे. सराव-प्रश्नपत्रिका सोडवता याव्यात आणि शिकवणीचे व्हिडिओ पाहता यावेत म्हणून तिचा मामा स्वतःचा दोन वर्षे वापरलेला अँड्रॉइड टॅबलेट तिला देणार आहे. इंटरनेट असलेली अशी वस्तू तिच्या एकटीच्या हाती प्रथमच येत आहे. मामाचे म्हणणे असे, की त्याचेच खाते त्यावर राहू द्यावे, म्हणजे सगळी अ‍ॅप्स आयती मिळतील. मला ते पटत नाही. टॅबलेट तिच्या हाती देण्याआधी मी काय करावे? — एक आई, कराड

उत्तर : तुमची शंका रास्त आहे. मुलांच्या उपकरणांविषयी या सदराकडे येणाऱ्या पत्रांतील बहुतेक अडचणी एकाच गोष्टीपाशी जाऊन पोहोचतात : उपकरण मुलाचे असते आणि त्यावरचे खाते मोठ्या माणसाचे. मामाचे खाते तसेच राहिले, तर प्ले स्टोअर, यूट्यूब आणि गूगलचा शोध या तिघांच्याही लेखी टॅबलेटसमोर बसलेली व्यक्ती एक प्रौढ पुरुष असेल आणि ते त्याच वयाला साजेसे व्हिडिओ, खेळ व जाहिराती तुमच्या मुलीपुढे ठेवत राहतील. मामाचे फोटो, मेल, जतन केलेले पासवर्ड आणि एखादे कार्ड जोडलेले असल्यास त्याचा तपशीलही तिच्या हाती जाईल, तो वेगळाच. माझ्या घरी माझ्या मुलीच्या वेळी मी माझ्याच खात्यावर टॅबलेट दिला होता आणि पुढे तिच्यासाठी वेगळे खाते करताना तिची चित्रे, खेळांतील प्रगती आणि जतन केलेले धडे हलवणे मला जमले नाही. त्याचे तिला फार वाईट वाटले, म्हणून ही गोष्ट पहिल्याच दिवशी करावी असे मी आग्रहाने सांगते.

मामाला अशी विनंती करा, की टॅबलेट तुमच्याकडे पाठवण्यापूर्वी त्याने सेटिंग्जमध्ये जाऊन आपले गूगल खाते त्यावरून काढून टाकावे आणि मगच सेटिंग्जमधूनच फॅक्टरी रीसेट करावे, म्हणजे सगळी माहिती पुसून टॅबलेट कोरा करावा. खाते न काढता बटणे दाबून रीसेट केल्यास चोरीपासून संरक्षण देणारे कुलूप लागते आणि टॅबलेट पुन्हा सुरू करताना जुन्याच खात्याचा पासवर्ड मागितला जातो.

कोऱ्या झालेल्या टॅबलेटवर मुलीच्या नावाचे खाते तुम्ही उघडा. त्यासाठी आपल्या फोनवर गूगलचे फॅमिली लिंक हे मुलाच्या खात्यावर पालकांना देखरेख ठेवू देणारे अ‍ॅप घ्या. ते विनामूल्य आहे. भारतात १३ वर्षांखालील मुलाचे गूगल खाते पालकाच्या संमतीनेच उघडता येते आणि ती संमती याच अ‍ॅपमधून देता येते. कटकट वाचवण्यासाठी अनेक पालक जन्मवर्ष मागचे टाकतात, पण त्याने मुलाला मिळणारे संरक्षण आपल्याच हाताने काढून घेतल्यासारखे होते. अशा पालकांच्या पर्यवेक्षणाखालील खात्यावर क्रोममध्ये इन्कॉग्निटो, म्हणजे पाहिलेल्या पानांची नोंद न ठेवणारी खिडकी, उघडत नाही आणि स्पष्ट लैंगिक मजकूर वगळणारा सुरक्षित शोध आपोआप चालू राहतो. मोठ्याच्या वयाने उघडलेल्या खात्याला हे काहीच लागू होत नाही. आपल्या देशाच्या २०२३च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्याने १८ वर्षांखालील प्रत्येकाला बालक मानले आहे, त्यांची माहिती वापरण्यासाठी पालकांची पडताळता येईल अशी संमती आवश्यक ठरवली आहे आणि मुलांना लक्ष्य करणाऱ्या जाहिरातींना मनाई केली आहे. वय खोटे लिहिले, तर या तरतुदी तुमच्या मुलीपर्यंत पोहोचणार कशा?

फॅमिली लिंकमध्ये प्रत्येक नवे अ‍ॅप तुमच्या मंजुरीनेच उतरेल अशी सोय ठेवा. प्ले स्टोअरवर ३+, ७+, १२+, १६+ आणि १८+ असे वयोगट दिलेले असतात. हा आकडा खेळातील दृश्ये, हिंसा आणि भाषा यांविषयीचा असतो. खेळणाऱ्यांना एकमेकांशी बोलता येते का आणि खेळाच्या आत पैसे मागितले जातात का, हे त्याच्या शेजारी निराळे नोंदलेले असते व पालकांच्या नजरेतून नेमके तेच सुटते. एखादा खेळ ७+ असूनही त्यात अनोळखी माणसे मुलाशी गप्पा मारू शकतात. खेळाच्या आतील गप्पा फॅमिली लिंकला दिसत नाहीत आणि बंदही करता येत नाहीत. त्या त्या खेळाच्या स्वतःच्या सेटिंग्जमध्ये जाऊनच बंद कराव्या लागतात. म्हणून मंजुरीची विनंती आली की पाच मिनिटे तो खेळ स्वतः उघडून पाहा. खरेदीसाठीही मंजुरी सक्तीची करा, मात्र ही मंजुरी गूगल प्लेच्या मार्गाने होणाऱ्या खरेदीलाच लागू असते. टॅबलेटवर कोणतेही यूपीआय अ‍ॅप ठेवू नका, कार्ड जोडू नका आणि आपला यूपीआय पिन मुलीच्या देखत टाकू नका. टॅबलेटमध्ये सिमकार्डाची जागा असली तरी ती रिकामीच राहू द्या. सिम नसलेला टॅबलेट घरच्या वायफायपुरता राहतो आणि माझ्या मते पहिल्या वर्षी याहून उपयोगी नियंत्रण दुसरे नाही.

आता यूट्यूबविषयी. तुमच्या मुलीचा बराचसा वेळ तिथेच जाणार असल्याने इथे अधिक विचार हवा. १३ वर्षांखालील मुलासाठी तुमच्यापुढे दोन वाटा आहेत. एक वाट यूट्यूब किड्सची. त्यात ९ ते १२ वर्षांसाठी वेगळा गट आहे, शोध बंद ठेवता येतो आणि हवे असल्यास फक्त तुम्ही निवडलेले व्हिडिओच दिसतील अशीही मर्यादा घालता येते. दुसरी वाट मुख्य यूट्यूबवरील पर्यवेक्षित खात्याची. तिच्यात तीन पायऱ्या असून 'एक्सप्लोर' ही सर्वांत खालची पायरी साधारण ९ वर्षांपुढील मुलांसाठी आहे. यूट्यूब किड्स अधिक सुरक्षित आहे हे खरे. पण मराठी माध्यमाच्या शिक्षकांचे शिष्यवृत्तीचे तास तिथे मिळतीलच असे नाही, कारण यातील अनेक शिक्षक आपले व्हिडिओ मुख्य यूट्यूबवरच ठेवतात. तुमच्या गरजेसाठी मी दुसरी वाट सुचवेन, तीही 'एक्सप्लोर' पायरीवर आणि एक व्हिडिओ संपताच दुसरा आपोआप सुरू होणे पालकांच्या सेटिंगमधून बंद करून. हे वर्गीकरण मुख्यतः संगणकीय पद्धतीने होते, त्यामुळे एखादी नको ती गोष्ट निसटून समोर येऊ शकते. पहिले आठ-पंधरा दिवस ती व्हिडिओ पाहताना तुम्ही शेजारी बसा, चांगल्या शिक्षकांचे व्हिडिओ निवडून दोघी मिळून प्लेलिस्ट करा आणि नकोसे चॅनेल तिथल्या तिथे रोखा.

अभ्यासाचा बराच भाग इंटरनेटशिवायही होतो, याकडे लक्ष वेधावेसे वाटते. बालभारतीची पाठ्यपुस्तके पीडीएफ रूपात उतरवून ठेवता येतात. पुस्तकांतील क्यूआर कोड दीक्षा या सरकारी अ‍ॅपमध्ये स्कॅन केला की त्या धड्याचे साहित्य उघडते आणि त्यातील पुष्कळसे आधी उतरवून ठेवून नंतर वायफाय बंद करून वापरता येते. असे तास मोकळ्या इंटरनेटच्या तासांपासून वेगळे मोजा.

वेळेच्या बाबतीत भारतीय बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेने ५ ते १० वर्षांच्या मुलांसाठी दिवसाला दोन तासांपेक्षा कमी आणि शक्यतो त्याहूनही कमी स्क्रीन असावा असे सुचवले आहे. फॅमिली लिंकमध्ये दिवसाची एकूण मर्यादा, एकेका अ‍ॅपची मर्यादा आणि रात्री टॅबलेट बंद होण्याची वेळ अशा तिन्ही गोष्टी ठरवता येतात. अभ्यासाचे अ‍ॅप 'नेहमी चालू' या यादीत ठेवले, तर प्रश्नपत्रिका अर्ध्यावर असताना टॅबलेट बंद पडून रडारड होणार नाही. रात्री चार्जिंग बैठकीच्या खोलीत करावे, तिच्या उशाशी करू नये.

हे सर्व करताना मुलीला शेजारी बसवून घ्या आणि प्रत्येक बंधन कशासाठी आहे ते तिला सांगा. फॅमिली लिंकमधून टॅबलेट कुठे आहे ते तुम्हाला दिसते, हेही तिच्यापासून लपवू नका. सर्वांत महत्त्वाचे असे, की कोणी अनोळखी व्यक्ती तिच्याशी बोलू लागली, फोटो मागू लागली किंवा 'आईला सांगू नकोस' असे म्हणाली, तर तिने तुमच्याकडे यावे आणि त्यासाठी टॅबलेट काढून घेतला जाणार नाही, असा शब्द तिला आजच द्या. टॅबलेट जाईल या भीतीने गप्प बसलेल्या मुलांची पत्रे मी वाचली आहेत, म्हणून हे लिहिते. तशी वेळ आलीच तर मुलांसाठीची १०९८ ही हेल्पलाइन आहे आणि ऑनलाइन पैशांची फसवणूक झाल्यास १९३० या क्रमांकावर विनाविलंब कळवावे.

प्रश्न : आमच्या बारा वर्षांच्या मुलाला आम्ही आयपॅड दिला आणि त्यावर स्क्रीन टाइमची मर्यादा लावली. महिन्याभरातच त्याने पासकोड ओळखला आणि मर्यादा काढून टाकली. पत्नीच्या मते आयपॅड काढून घ्यावा. मला त्याच्या आयपॅडवरचे सगळे संदेश गुपचूप वाचता येतील असे एखादे अ‍ॅप घ्यावेसे वाटते. आपले मत कळवावे. — एक वडील, ठाणे

उत्तर : स्क्रीन टाइम या अ‍ॅपलच्या वेळ-मर्यादेच्या सोयीचा पासकोड चार अंकी असतो आणि बहुतेक घरांत तो जन्मतारखेचा, गाडीच्या क्रमांकाचा किंवा आयपॅडच्याच कुलपाचा असतो, त्यामुळे शेजारी बसलेल्या मुलाने तो दोनदा पाहिला तरी पुरते. तुम्ही मर्यादा आयपॅडवर बसून लावल्या असणार. त्याऐवजी मुलाचे स्वतःचे अ‍ॅपल खाते तुमच्या फॅमिली शेअरिंगच्या, म्हणजे घरातल्यांची अ‍ॅपल खाती एकत्र जोडणाऱ्या गटात घ्या आणि यापुढे सर्व मर्यादा स्वतःच्या आयफोनवरून घाला, म्हणजे त्याच्यासमोर पासकोड टाकण्याची वेळ येणार नाही. सध्या आयपॅडवर तुमचेच खाते असेल, तर ते आधी बदला. 'मजकूर व गोपनीयता' या भागातून पासकोडमधील आणि खात्यातील बदलांना मनाई करा, संकेतस्थळांसाठी प्रौढ मजकूर रोखणारा पर्याय निवडा आणि खरेदीपूर्वी विचारण्याची सोय चालू ठेवा. १३ वर्षांखालील मुलांच्या खात्यावर नग्न छायाचित्र आल्यास ते धूसर करणारी सोय अ‍ॅपलच्या आयओएस १७ व आयपॅडओएस १७ या प्रणालींपासून, म्हणजे २०२३पासून, आपोआप चालू असते. ही तपासणी उपकरणावरच होते, त्यामुळे छायाचित्र बाहेर कुठेही जात नाही.

गुपचूप संदेश वाचणारे अ‍ॅप घेऊ नये, असे माझे ठाम मत आहे. मुलाचे संदेश, फोटो आणि ठावठिकाणा अशा अ‍ॅपमार्फत एखाद्या परक्या कंपनीच्या संगणकावर साठतात आणि ती माहिती पुढे कुठे जाईल ते तुमच्या हाती राहत नाही. मुलाला कळले, की तो पुढच्या वेळी मित्राचा फोन वापरेल. मग तुमच्याजवळ मर्यादाही उरणार नाहीत आणि त्याचा विश्वासही. त्याने पासकोड ओळखला, याचा अर्थ त्याला अधिक वेळ हवा होता. तो कशासाठी हवा होता हे त्याला विचारा. कारण पटण्याजोगे असेल, तर शनिवार-रविवारची मर्यादा अर्ध्या तासाने वाढवून द्या आणि नवा पासकोड मात्र फक्त तुम्हा दोघांकडेच ठेवा. काही दिवस आयपॅड ठेवून द्यायचा असेल तर तसे अवश्य करा, पण किती दिवस ते त्याला आधीच सांगा. व्हॉट्सअ‍ॅप आणि इन्स्टाग्राम या दोन्हींच्या नियमांनुसार किमान वय १३ आहे, त्यामुळे वर्षभर ही दोन्ही टाळायला तुमच्याजवळ सरळ कारण आहे.

प्रश्न : नातवाला टॅबलेट आला आहे. घरच्या वायफायलाच गाळणी लावली, तर वेगळी नियंत्रणे लावावी लागणार नाहीत ना? — एक आजोबा, नाशिक

उत्तर : लावावी लागतील, तरीही गाळणी अवश्य लावा. राऊटरच्या, म्हणजे वायफायच्या यंत्राच्या, सेटिंग्जमध्ये डीएनएसच्या (संकेतस्थळाचे नाव टाकल्यावर ते शोधून देणाऱ्या सेवेच्या) जागी १.१.१.३ हा क्लाउडफ्लेअर या कंपनीचा विनामूल्य पत्ता भरला, की प्रौढांची आणि घातक सॉफ्टवेअर पसरवणारी अनेक संकेतस्थळे घरातील सर्वच उपकरणांवर उघडेनाशी होतात. पर्यायी डीएनएसच्या जागी १.०.०.३ भरावा, तिथे जुनाच पत्ता राहिल्यास गाळणी अधूनमधून निकामी ठरते. मात्र यूट्यूबवरचा अमुक व्हिडिओ किंवा खेळातील गप्पा ही गाळणी ओळखत नाही, वेळेची मर्यादाही घालत नाही आणि शेजारच्यांचे वायफाय किंवा कोणाच्या फोनचा हॉटस्पॉट जोडला की तिचा उपयोग संपतो. टॅबलेटच्याच सेटिंग्जमध्ये 'खासगी डीएनएस' म्हणून दुसरा पत्ता भरला, तरीही ती ओलांडली जाते. नातवाचे आईवडील टॅबलेटवर खाते आणि मर्यादा लावतील तेव्हा ही जागा त्यांनी एकदा पाहून घ्यावी, आणि तुमच्या स्वतःच्या फोनचा हॉटस्पॉट त्याला सहज सुरू करता येणार नाही इतकी काळजी तुम्ही घ्यावी.