मुलांना आगीबद्दल शिकवताना

आधी एक सांगते, मुलांना घाबरवू नका. घाबरलेलं मूल आग लागल्यावर पळत नाही, लपतं. पलंगाखाली, कपाटात, पांघरुणात. म्हणून ‘लपायचं नाही, बाहेर पडायचं’ हे तोंडपाठ होईपर्यंत म्हणून घ्या. मास्क लावलेल्या अग्निशमन जवानाचं चित्रही दाखवून ठेवा. धुरात तो अवतार पाहून मुलं बिचकतात आणि हाकेला ओ देत नाहीत.

नुसतं सांगून भागत नाही, करून घ्यावं लागतं. गरम धूर वर चढतो, श्वास घेण्याजोगी हवा जमिनीलगत राहते. त्यामुळे झोपायच्या खोलीपासून बाहेरच्या दारापर्यंत रांगत जायचा सराव घ्या, एकदा दिवे घालवूनसुद्धा. बंद दाराला आधी हाताची मागची बाजू लावून बघायची. गरम लागलं तर ते उघडायचं नाही, दुसरी वाट धरायची. लिफ्ट नाही, जिनाच. बाहेर सगळ्यांनी जमायची जागा ठरवून ठेवा. खेळणं आणायला परत आत जायचं नाही, हे मात्र अगदी बजावून सांगा.

कपडे पेटले तर धावायचं नाही. जागीच थांबून, तोंड हातांनी झाकून जमिनीवर लोळायचं. मुलं ‘भाजलं की लोळायचं’ असा घोळ घालतात, तो लगेच दुरुस्त करा. भाजलेल्या जागेवर नळाचं गार पाणी, २० मिनिटं. बर्फ किंवा टूथपेस्ट नको.

काडेपेटी आणि लायटर कुलपात ठेवा. कुठे सापडलीच, तर हात न लावता मोठ्यांना सांगायचं. आणि मूल सांगायला आलं की त्याच्यावर ओरडू नका, नाहीतर पुढच्या वेळी ते सांगणार नाही.