बाइकवर मागे बसणाऱ्यालाही हेल्मेट सक्तीचं आहे का?

हो, आहे, कोपऱ्यावरून भाजी आणायला निघालात तरी. मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम १२९ मध्ये चालवणारा आणि मागे बसलेला असा भेदच नाही. चार वर्षांवरील प्रत्येकाला आयएसआय शिक्क्याचं (आयएस ४१५१ या भारतीय मानकाचं) हेल्मेट हवं, आणि तेही पट्टा लावून. नुसतं डोक्यावर ठेवलेलं कायद्याच्या व्याख्येत बसत नाही, पडताना तर ते आधी उडतं. २०१९ च्या दुरुस्तीनंतर कलम १९४-ड मध्ये १००० रुपये दंड आणि तीन महिने लायसन्सवर गदा आहे. तडजोडीची रक्कम, म्हणजे कोर्टात न जाता भरायचा दंड, राज्यं वेगळी ठरवू शकतात. सूट फक्त पगडी घातलेल्या शिखांना. चारपेक्षा लहान पोराचे नियम वेगळे: चालवणाऱ्याशी बांधून ठेवणारा पट्ट्यांचा हार्नेस, मापाचं हेल्मेट आणि ताशी ४० किलोमीटरची मर्यादा.