‘इश हाबे गाले’ म्हणू नकोस

तुझा निरोप मिळाला. दारव्ह्याकडची पोरगी, जीएनएम म्हणजे नर्सिंगचा डिप्लोमा झालेली, आता नागपुरात खोली करून जर्मन शिकते आहेस आणि पचनसंस्थेच्या तक्त्यापाशी तुझं गाडं अडलंय. क्लासमध्ये तोंडापासून गुदद्वारापर्यंत साठेक शब्द दिलेत. तू विचारतेस, “ताई, यातले तिकडं खरंच किती लागतात? आणि माझं पोट तिकडचं खाणं सोसेल का?”

मी दिग्रसकडची. २०१९ साली इकडे आले. पश्चिम जर्मनीतल्या एका रुग्णालयात पोटाच्या शस्त्रक्रियांच्या वॉर्डात काम करते, त्यामुळे दिवसभर आतडी, उलट्या आणि शौच याच गोष्टी बोलते. जेवताना हे वाचत असशील तर ताट आधी संपव.

तक्ता पाठ कर, पण त्याला घाबरू नकोस. आपण वावराला नाव कसं देतो? नाल्याकाठचं, आंब्याचं, टेकाडावरचं. जर्मन लोकांनी आतड्यांना तशीच नावं ठेवलीत. डार्म म्हणजे आतडं. ड्यूनडार्म म्हणजे बारीक आतडं, आपलं लहान आतडं. डिकडार्म म्हणजे जाड आतडं, आपलं मोठं. लहान आतड्याच्या मधल्या भागाला ‘रिकामं आतडं’ आणि शेवटच्या भागाला ‘वाकडं आतडं’ म्हणतात, लेअरडार्म आणि क्रुमडार्म. जठराच्या खालच्या तोंडाला मागेनफ्योर्टनर, म्हणजे जठराचा दरवान. श्पायझेर्योरे तर सरळसरळ ‘अन्ननलिका’च आहे, श्पायझे म्हणजे अन्न आणि र्योरे म्हणजे नळी. स्वादुपिंडाचं नाव लांबलचक आहे, बाउखश्पायशेलड्र्यूझे, पण फोड केली की ‘पोटातली लाळेची ग्रंथी’ एवढंच. मला सगळ्यात आवडतं ते त्स्व्योल्फफिंगरडार्म, बारा बोटांचं आतडं. बारा बोटं शेजारी शेजारी आडवी ठेवली की जेवढी जागा होते, अंदाजे २५ सेंटीमीटर, तेवढी ही ग्रहणी, लहान आतड्याचा पहिला भाग. आपली बुढी माणसं अजूनही चार बोटं, वीतभर असंच मोजतात ना?

एक घोळ लक्षात ठेव. ब्लिंडडार्म म्हणजे ‘आंधळं आतडं’, मोठ्या आतड्याची सुरुवातीची पिशवी. पण “माझा ब्लिंडडार्म काढलाय” असं पेशंट म्हणतो तेव्हा त्याचं अपेंडिक्स काढलेलं असतं. अपेंडिक्सचं पुस्तकी नाव वेगळं आहे, पण बोलताना ते कोणी वापरत नाही.

आता खरी अडचण. आपल्याकडे ‘पोट’ या एका शब्दात सगळं येतं. पोट दुखतं, पोट भरतं, पोट जातं, पोटात घालतो, पोटी लेकरू येतं. इथे बाउख वेगळं आणि मागेन वेगळं. बाउख म्हणजे बरगड्यांखालचं सगळं पोट, मागेन म्हणजे फक्त जठर. बेंबीच्या वर, मधोमध दुखत असेल तर मागेन म्हण, बाकी सगळीकडे बाउख. ओटीपोटाला उंटरबाउख. उंटरलाइब असाही शब्द ऐकशील, तो बहुतेकदा बायकांच्या तक्रारींसाठी वापरतात. डॉक्टरांनी बाउख विचारलं आणि तू मागेन सांगितलंस तर तपासणीची दिशाच बदलते.

पित्ताची कथा तर मी स्वतःवर भोगली आहे. पहिल्याच हिवाळ्यात रात्रपाळ्या, उपाशीपोटी कॉफी, आणि बॅगेत भिवापुरी मिरचीचं तिखट. छातीपर्यंत जळजळ, आंबट ढेकर, डोकं ठणकतंय. घरच्यासारखंच डोक्यात आलं, ‘पित्त झालं’. शब्दकोशात पित्त म्हणजे गाले. डॉक्टरांपुढे जाऊन मी ठसक्यात म्हटलं, “इश हाबे गाले”, म्हणजे ‘मला पित्त आहे’. त्यांनी उजव्या बरगडीखाली दाबून पाहिलं, सोनोग्राफी केली, रक्त काढलं. गाले म्हटलं की इथे पित्ताशय आणि त्यातले खडे डोळ्यांपुढे येतात. खडे काही सापडले नाहीत. शेवटी मी छातीवर खालून वर हात फिरवून दाखवला, तेव्हा ते हसले आणि म्हणाले, “आख, झोटब्रेनन!” हाच तो शब्द. त्यातलं ब्रेनन म्हणजे जळणं, म्हणजे आपली जळजळच. आंबट ढेकरेला झाउरेस आउफश्टोसन. आणि अंगावर पित्त उठतं ते तर तिसरंच, त्याचा पोटाशी संबंध नाही, त्याला नेसेलझुख्ट म्हणतात. तात्पर्य, ‘पित्त’ हा शब्द विमानात बसण्याआधी घरीच ठेवून ये. ‘ॲसिडिटी’, ‘गॅस’ आणि ‘लूज मोशन’ यांचीही तीच गत. आपल्याला ते इंग्रजी वाटतात, पण इथल्या माणसाला ‘लूज मोशन’ म्हटलं तर काहीच कळत नाही. पोट फुगलं, गॅस झाला यासाठी ब्लेउंगन. जुलाबाला डुर्शफाल. पोट साफ होत नाही त्याला फेरश्टोप्फुंग. हाच शब्द तुंबलेल्या मोरीलाही वापरतात, त्यामुळे लक्षात राहतो.

मात्र छातीतली जळजळ, दाब आणि घाम एकदम आला तर शब्द शोधत बसू नकोस, थेट ११२. हृदयाचा झटकाही कधी कधी तसाच सुरू होतो. रात्री-सुट्टीच्या दिवशी साध्या तक्रारीसाठी ११६११७ हा डॉक्टरांचा नंबर आहे. दोन्ही मोबाइलमध्ये टाकून ठेव.

दुखण्याचे प्रकार मात्र तुला शिकावे लागणार नाहीत, फक्त जुळवावे लागतील. वर्गात सगळे ‘श्मेर्त्सन’, म्हणजे दुखणं, एवढ्यावर थांबतात. पण वॉर्डात पहिला प्रश्न असतो, दुखतं कसं? आणि इथे आपण श्रीमंत आहोत, कारण तुझ्या आईला हे सगळं येतं. मुरडा मारतो म्हणजे क्राम्फआर्टिश. कळा येतात आणि जातात, ते कोलिकआर्टिश. सुई टोचल्यासारखं, श्टेशेंड. आग होते, ब्रेनेंड. दगड ठेवल्यासारखं जड, ड्र्यूकेंड. ठणका लागलाय, पोखेंड. नुसतं मंद मंद, डुम्फ. जास्त जेवून तडस लागली, त्याला फ्योलेगेफ्यूल, शब्दशः ‘भरल्यासारखं वाटणं’. या रविवारी घरी गेलीस की आईला, आजीला विचार, पोटाच्या दुखण्याला त्या काय काय म्हणतात, आणि वही भर. समोर मराठी शब्द असला की जर्मन शब्द त्याला चिकटतो. इंग्रजीतून गेलीस तर दोन पूल ओलांडावे लागतात.

व्याकरणात तर अजून मजा. मळमळतं तेव्हा इथे म्हणतात, “मिर इस्ट श्लेष्ट.” मिर म्हणजे ‘मला’. आपण म्हणतो ना, ‘मले कसंतरी होऊन रायलं’? तीच घडण. इंग्रजीच्या सवयीने ‘इश बिन श्लेष्ट’ म्हटलंस तर ‘मी वाईट आहे’ असं होतं. अशा वेळी आधी वऱ्हाडीत विचार कर, वाक्य बरोबर येईल. जर्मनसाठी असं सांगणारी मी एकटीच असेन बहुधा.

काही शब्द दुधारी आहेत. युबरगेबन म्हणजे सोपवणं, आणि आपली ड्यूटीची पाळी संपताना पुढच्या सिस्टरला पेशंटची माहिती देतो ती युबरगाबे. पण त्यात ‘मिश’ घातलं की अर्थ होतो ‘मला उलटी होणार आहे’. पहिल्या आठवड्यात मी पाळी सोपवायला उठले आणि तेच वाक्य बोलले. सहकारीण उलटीची पिशवी घेऊन धावत आली! आजही पाळी सोपवताना ती मला चिडवते. डुर्शफाल म्हणजे जुलाब, आणि डुर्शफालन म्हणजे परीक्षेत नापास होणं. तुझ्या शिक्षणाची इथल्या शिक्षणाशी तुलना होईल आणि फरक निघाला तर केंटनिसप्र्यूफुंग ही परीक्षा किंवा जुळवणीचा अभ्यासक्रम करावा लागेल. तेव्हा ‘डुर्श’ने सुरू होणारी दोन्ही संकटं टळोत. न्यूष्टर्न म्हणजे ‘दारू न प्यालेला’ असं क्लासमध्ये सांगतील. वॉर्डात त्याचा अर्थ ‘अनशापोटी’. शस्त्रक्रियेआधी पलंगावर तशी पाटी लावलेली दिसली की पेशंटला नाश्ता द्यायचा नाही. हा एक शब्द चुकला तर शस्त्रक्रियाच पुढे ढकलावी लागते.

पेशंट तर पुस्तकातलं बोलतच नाहीत. आपल्याकडे ‘परसाकडे जाऊन येतो’, ‘बाहेर बसाले गेले’ म्हणतात, तसंच इथलं. श्टूल म्हणजे खुर्ची, आणि वॉर्डात श्टूल म्हणजे शौच, श्टूलगांग म्हणजे शौचाला होणं. म्हातारी माणसं नुसतं ‘ग्रोस’ म्हणतात, म्हणजे ‘मोठी’. एका आजीबाईंनी मला सकाळी सांगितलं, रात्रभर फ्लोटर ओटो होता. मी बिचारी भेटायला येणाऱ्यांच्या यादीत ओटो शोधतेय. फ्लोटर ओटो, म्हणजे चपळ ओटो, हे इकडे जुलाबाचं लाडकं नाव आहे. तोपर्यंत आजींची चादर दोनदा बदलावी लागली होती.

शौचाचं वर्णन लिहिताना लाजू नकोस, नोकरीचा मोठा भाग तोच आहे. ब्रिस्टल तक्ता तू शिकली असशील, १९९७ सालचा, सात प्रकारांचा. इथेही तोच चालतो. पहिला प्रकार म्हणजे आपल्या शेळीच्या लेंड्या, चौथा चांगला, सातवा नुसतं पाणी. या सगळ्यात दोन शब्द जिवाचे आहेत. टेअरश्टूल, डांबरासारखी काळी, चिकट, घाण वासाची शौच, आणि काफेझात्स, कॉफीच्या चोथ्यासारखी उलटी. दोन्ही पचनमार्गाच्या वरच्या भागातल्या रक्तस्रावाची खूण असू शकतात, लगेच डॉक्टरांना सांगायचं. लोहाच्या गोळ्यांनीही शौच काळी होते, म्हणून पेशंट कोणती औषधं घेतो ते आधी विचारून ठेव.

आता तुझं पोट. सोसतं, पण पहिला महिना कुरकुरतं. ज्वारीची भाकर, तुरीचं वरण आणि आंबाडीची भाजी यांची सवय असलेल्या आतड्याला सकाळ-संध्याकाळ थंड ब्रेड आणि चीज झेपत नाही. थंडीत तहान लागत नाही म्हणून पाणीही कमी होतं, आणि मग फेरश्टोप्फुंग. कोमट पाणी पी, डाळी सगळीकडे मिळतात. आजाऱ्याच्या हलक्या जेवणाला शोनकोस्ट म्हणतात. आपल्याकडचा मऊ भात आणि ताक, तसं इथे टोस्टासारखं त्स्वीबाक आणि भाजीचं सूप. जुलाब झाले की घरोघरी लोक कोला आणि बिस्किटासारख्या खारट काड्या देतात. त्यात साखर फार असते. मी मात्र साखर-मीठ-पाण्यावर ठाम आहे.

दुकानात ‘फेनशेल-आनिस-क्यूमल’ नावाचा चहा दिसेल. फेनशेल म्हणजे आपली सोप, बडीशेप. पोट फुगलं की इथल्या आयाही लेकरांना तोच पाजतात. पण क्यूमल म्हणजे जिरं समजू नकोस, ते शहाजिऱ्यासारखं असतं. आपलं जिरं म्हणजे क्रॉइत्सक्यूमल. मी पहिल्यांदा क्यूमलची फोडणी दिली आणि वरण फेकून दिलं. आणखी एक, जेवण झाल्यावर बाबांसारखी मोठी ढेकर देऊ नकोस. नाक मात्र जेवणाच्या टेबलावर भोंग्यासारखं शिंकरलं तरी इथे चालतं, ते का ते मला अजून समजलेलं नाही.

बॅगेत तूप, पेढे, खवा काही टाकू नकोस. युरोपीय संघाबाहेरून दुधाचे आणि मांसाचे पदार्थ आणायला बंदी आहे, विमानतळावर काढून घेतात. आईला वाईट वाटेल, पण आधीच सांग. ओवा आण, इथे सहज मिळत नाही. हिंगाला जर्मनमध्ये टॉयफल्सड्रेक म्हणतात, म्हणजे सैतानाची विष्ठा, आणि वासाच्या बाबतीत त्यांचं अगदीच चूक नाही. घट्ट झाकणाच्या डबीत घाल, वर दोन पिशव्या बांध. माझी ती बॅग अजून माळ्यावर आहे, आणि अजूनही उघडली की वरणाचा वास येतो.